सुंबरानातली मोकळी ओळ

सांगली, ३० जून २०२४

आप्पा, तुमचा पुतण्या लांबूनच पाया पडतो.

तानाजीचा फोन आला होता. तुमचा भाचा खरा, पण निरोप सांगताना तहसीलदारासारखा बोलतो. म्हणाला, मामानं ठरवलंय, दसऱ्याला सुंबरान तू म्हणायचंस. मी हसलो तर त्यानं फोनच ठेवून दिला. म्हणून हे पत्र. तुम्हाला फोन करून उपयोग नाही आणि मोबाईलवर टाईप करायला तुमची बोटं तयार नाहीत. माझ्या वर्गातली पोरं विचारतात, सर, पोस्टाची पेटी अजून उघडतात का हो?

आधी तब्येतीचं. मिरजेच्या डॉक्टरांना मी भेटून आलो. गाठ सगळी निघाली आहे. स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता, आप्पा. गळ्याच्या भोकावर जाळीचं फडकं बांधत जा, माळावरची धूळ आत जायला नको. तुमचा आवाज ऐकायला माणसं पार जतपासून जत्रेला यायची. ते आठवलं की मला गलबलून येतं. पण माणूस वाचला, हे मोठं.

दसऱ्याचं मात्र मला सांगू नका. सुंबरान म्हणजे सृष्टी कशी झाली ते येसोबाच्या नावानं गायचं. मी इथं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. चौदाशे कोटी वर्षांमागं काय झालं ते फळ्यावर आकृती काढून सांगतो आणि त्यात येसोबा कुठं येत नाही. मी देव मानत नाही हे तुम्हाला दहावीत असतानाच सांगितलं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि मेंढरं पाण्यावर घेऊन गेलात. आता कपाळाला भंडारा लावून, सगळ्या वस्तीसमोर, ज्याला मानत नाही त्याचं नाव घेऊ? ते माझ्याशीही खोटं आणि तुमच्या देवाशीही खोटं. तानाजीचा गळा गोड आहे, त्याला म्हणू द्या.

भामाकाकूंना नमस्कार. रागावू नका.

तुमचा मल्हार

*

मासाळवस्ती, ता. माण, १२ जुलै २०२४

मल्हार बाळा, माजा आन तुज्या काकूचा आशीर्वाद घे.

तुजं पत्र तानाजी मला वाचून दावाया लागला, म्या हिसकून घेतलं. गळा गेलाय, डोळं न्हाई गेलं.

तुज्यासंगं वाद घालाय मला पयल्यापास्नं आवडतं. देव मानायचा का न्हाई त्ये तुजं तू बघ, त्यापायी म्या बोलीवलं न्हाई. गोष्ट येगळी हाय. तू जत्रंला आला न्हाईस, म्हनून तुला ठाव न्हाई.

सुंबरानाची सुरवात याद कर. धरती न्हवती म्हनायचं, आभाळ न्हवतं म्हनायचं. चांद न्हवता, सूर्व्या न्हवता, मेंढरू न्हवतं आन मेंढक्याबी न्हवता. मग ढोल बंद, झांजा बंद. तिथं एक ओळ मोकळी सोडायची. कुनी खोकायचं न्हाई. बाया लेकरांच्या तोंडाला पदर लावत्यात. कायबी न्हवतं तवा जे हुतं, त्येची ती ओळ. मग मासाळाच्या घरातल्या मानसानं मोठ्यांदी येसोबाचं नाव घ्यायचं, की ढोल कडाडला आन सृष्टी चालू.

औंदा चैतात मी मोकळ्या ओळीपतूर गेलो, नाव घ्यायला तोंड उघाडलं, आन आवाज आलाच न्हाई. लोक थांबलं. लय येळ थांबलं. मग एकेक करून उठून घरी गेलं. मला तुमी दवाखान्यात न्हेलं, आन फुडचं तुला ठाव हाय.

पर ती ओळ तवापास्नं उघडी हाय रं. कुनी मिटलीच न्हाई.

मिरजंवरनं आल्यावर पयल्यांदा एडक्याची घंटा ध्यानात आली. कळपाम्होरं चालतोय, मुंडी हालवतोय, घंटा हालतीया, पर आवाज न्हाई. आतली जीभ तुटली आसंल म्हनून हात घातला, जीभ जाग्यावर. दगडानं ठोकली तरी वाजंना. दुसऱ्या दिशी आपसूक वाजाय लागली. मग परवा कुत्रं. वाटंवर गाडी आली तसं धावून गेलं, तोंड उघाडून भुकत हुतं, मानंवरचं केस हुबं. मला कायबी ऐकू आलं न्हाई. गाडीचाबी आवाज न्हाई.

दसऱ्याला सुंबरान परत मांडायचं आन ती ओळ मिटायची. मासाळात आता तू आन मी दोगंच. माजा गळा तर बादलीत गेला. मग कोन ऱ्हायलं?

तुजा आप्पासो

*

सांगली, २० जुलै २०२४

आप्पा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घाबरू नका, यात घाबरण्यासारखं काही नाही. तुम्हाला किरणांचे उपचार दिलेत ना, त्यानं कानाच्या नसेवर परिणाम होऊ शकतो. मधेच आवाज जातो, मधेच येतो. पुढच्या महिन्यात तपासणीला याल तेव्हा कानाच्या डॉक्टरांकडं आपण दोघं जाऊ.

आता वादाचं, कारण वाद घातला नाही तर तुम्हाला वाटेल मल्हार शहरात जाऊन मऊ पडला. सुरुवातीच्या आधी काय होतं, हा प्रश्नच चुकीचा आहे. काळच तिथून सुरू झाला. काळ नव्हता तर 'आधी' कुठलं? तुमच्या मोकळ्या ओळीचं मला कौतुक वाटतं, कारण आमचं विज्ञानही तिथं गप्पच बसतं. फक्त आम्ही त्यानंतर कुणाचं नाव घेत नाही.

आणि एक सांगतो, पूर्ण शांतता ही चीज जगात कुठं नाहीच. आभाळाच्या अगदी रिकाम्या कोपऱ्याकडं मोठी छत्री रोखून धरली तरी यंत्रात बारीक खरखर येते. विश्व सुरू झालं तेव्हाची धग आहे ती, अजून विझलेली नाही. सगळीकडं आहे, तुमच्या माळावर, माझ्या खोलीत. तेव्हा ओळ उघडी राहिली आणि त्यातून शांतता बाहेर आली, असं होत नाही, आप्पा.

तानाजीला म्हणू द्या. मासाळ नसला तरी तुमच्या बहिणीचा पोरगा आहे, येसोबा एवढा काय जातपडताळणी करत बसणार नाही.

तुमचा मल्हार

*

मासाळवस्ती, ९ ऑगस्ट २०२४

मल्हारास,

तानाजीला म्हनाय लावलं. देवळाम्होरं, भर दुपारचं, आमी घरचीच मानसं. त्यो मोकळ्या ओळीपतूर आला, थांबला, आन नाव घेतलं. तोंड हाललेलं आमी सगळ्यांनी बघितलं. घामानं निथाळला, पर आवाज फुटला न्हाई. आता त्यो माज्याकडं यायचं टाळतोय. घरी तोंड खाली घालून पडतोय म्हनं.

कान माजे बिघडले म्हनतोस. भामाचं ऐक. परवा ती कुकरपुढं हुबी हुती. शिट्टी वाजंल म्हनून वाट बघत ऱ्हायली. वाफ निघत हुती, शिट्टी वर उडत हुती, आवाज न्हाई. भात करपून वास आला तवा तिला कळलं. ती मला म्हनाली, आवं, माजं कान गेलं का काय? मी वहीवर लिवलं, तुजं न्हाई गेलं. वाचून ती लय रडली.

आन वरच्या पठारावरच्या पवनचक्क्या. त्येंचा घुम्म आवाज रातंदिस आसतोय, झोपंतबी आसतोय. सोमवारी पाती फिरत हुती आन माळ मुका हुता. मेंढरं सगळी एका जाग्याला गोळा झाली, तोंडं आत करून. लांडगा आला की करत्यात तशी. मी चौफेर बघितलं, कायबी न्हवतं.

तुला वाटतंय आप्पा भोळा, देवाचं येड हाय. आरं, देव हाय का न्हाई मला ठाव न्हाई. एवढी वर्सं गायलो, पर त्यो कवा भेटला न्हाई. माज्या बापानं मला येवढंच शिकवलं, की गान्यात देव नंतर येतो. आदी मोकळी ओळ, मग देव. म्हंजी ती ओळ देवाच्याबी आदीची. तिथं जे हाय त्ये देव न्हवं. देव म्हंजी त्यावरचं झाकान. हिरीवर फळी टाकतोस ना, लेकरू पडू नये म्हनून, तसं. तू म्हनतोस फळी खोटी. आसू दे. हीर तर खरी हाय का न्हाई?

मला भ्या वाटतंय, मल्हार. मरायचं न्हाई वाटत. ह्या मुक्यात भामाला टाकून जायचं वाटतंय.

आप्पासो

*

सांगली, २ सप्टेंबर २०२४

आप्पा,

तुम्ही वस्तीवर नीट पोचलात असं तानाजीनं कळवलं. कानाच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलंत, मी पुन्हा काय लिहू. कान विशीतल्या पोरासारखे आहेत. मी त्यांच्याशी हुज्जत घातली, यंत्र बदलायला लावलं, तुम्ही कोपऱ्यात बसून मिस्कील हसत होता.

तुमच्यासमोर एक गोष्ट बोललो नाही. चैत्रातल्या जत्रेचा व्हिडिओ तानाजीनं मला एप्रिलमध्येच पाठवला होता. तुमचा आवाज शेवटचा म्हणून मी तो जपून ठेवला होता, पण ऐकायचं धाडस होत नव्हतं. तुमचं ऑगस्टचं पत्र आल्यावर ऐकला. मोकळी ओळ येते आणि आवाज थांबतो. मग मी तो कॉलेजच्या संगणकावर लावून आवाजाची रेघ बघितली. एवढी माणसं, मेंढरं, माळावरचा वारा. रेघ थोडी तरी थरथरायला हवी. ती सपाट आहे. फोनच्या स्वतःच्या यंत्राची खरखर असते, तीसुद्धा नाही. मी म्हटलं, तानाजीचा फोन भिकार आहे. वस्तीवरच्या आणखी दोघांकडून त्यांचे व्हिडिओ मागवले. तिन्हींमध्ये तीच रेघ.

याचं कारण असणार. मला ते अजून सापडलेलं नाही, एवढंच. मी लोकांना सांगत आलो की कारण सापडलं नाही म्हणजे देव झाला असं नाही, आणि ते मी आजही म्हणतो. पण गेले काही दिवस मी खोलीत पंखा चालू ठेवून झोपतो, गरज नसताना. तो आवाज हवासा वाटतो.

मी दसऱ्याला येतो. तुमच्यासाठी आणि काकूंसाठी. सुरुवातीचे शब्द मला पाठ आहेत, लहानपणी तुमच्या मांडीवर बसून ऐकलेत. नाव घेईन की नाही हे मात्र मला अजून सांगता येत नाही. प्रयत्न करीन.

मल्हार

*

मासाळवस्ती, २१ सप्टेंबर २०२४

मल्हार बाळा,

येतोस म्हनालास, भामानं देवाला न्हाई, तुज्या फोटूलाच हात जोडलं.

मोजकं लिवतो, ध्यानात ठेव. मोकळ्या ओळीत कुनाकडं बघू नगंस. आत कायतरी हाय आसं वाटंल, कान देऊ नगंस. नाव घे आन बाहीर ये. मानू नगंस, निसतं घे. दाराला कडी घालताना कडीवर भरवसा लागतो व्हय? हात लागतो.

दुसरं कायबी बोलू नगंस. माज्या बापानं मला ह्येच बजावलं हुतं. का म्हनून म्या इचारलं न्हाई, त्येनं सांगितलं न्हाई.

काल भामा माज्याशी बोलली आन मला ऐकू आलं न्हाई. दोनदा बोलली. तिलाबी सोताचं ऐकू आलं न्हाई. मग आमी दोगं हात धरून बसलो.

आप्पासो

*

सांगली, १५ ऑक्टोबर २०२४

आप्पा, माझे आप्पा,

परीक्षेच्या कामामुळं दसऱ्याच्या संध्याकाळीच निघावं लागलं, नाहीतर तुमच्या पायापासून हललो नसतो. काय लिहू आणि काय नको असं झालंय.

तुम्ही समोरच बसला होता, पण माझ्या आत काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही. सुरुवात छान गेली. तानाजीनं ढोल धरला होता. धरती नव्हती, आभाळ नव्हतं, मेंढरू नव्हतं, मेंढक्या नव्हता. ढोल थांबला आणि मी त्या मोकळ्या ओळीत शिरलो. शिरलो असंच म्हणावं लागेल. मला माझ्या छातीचे ठोके ऐकू येईनात. ऊन होतं, माणसं बसलेली दिसत होती, झेंड्याचं फडकं हलत होतं, आणि सगळं मुकं. तुम्ही सांगितलं होतं कान देऊ नको. मी दिला. आप्पा, ती शांतता रिकामी नव्हती. तिचं माझ्याकडं लक्ष होतं.

येसोबाचं नाव माझ्या जिभेवर होतं. पण मी देव मानत नाही हे मला तिथं जेवढं लख्ख कळलं तेवढं आयुष्यात कधी कळलं नव्हतं. ते नाव माझ्याकडून निघेना. मी घाबरलो, लहान पोरासारखा घाबरलो, आणि लहान पोर घाबरल्यावर जे करतं तेच केलं. आपल्या माणसाला हाक मारली. 'आप्पा' म्हणून ओरडलो.

आणि तुम्ही ओ दिलीत.

सगळ्यांनी ऐकली. तीच तुमची खणखणीत ओ, जत्रेतली, जुनी. तानाजीनं ढोलावर टिपरू हाणलं आणि सगळा माळ एकदम वाजायला लागला, मेंढरं, पोरं, बायका, वरच्या पवनचक्क्या. मी धावत येऊन तुम्हाला मिठी मारली तर तुम्ही मान हलवत रडत होता. काकू तर माझ्या गालावरून हात काढेनात.

इथं आल्यावर मी मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं. स्वरयंत्र काढलेला माणूस बोलू शकतो का? ते म्हणाले, शकतो. काहीजण अन्ननलिकेत हवा धरून आवाज काढायला शिकतात. महिने लागतात, आवाज घोगरा असतो, पण एखाद्याला जमतं. म्हणजे तुम्ही गुपचूप सराव करत होता, लबाड म्हातारे. मला एका अक्षरानं कळवलं नाहीत. आवाज घोगरा नव्हता, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

बघा, देवाचं नाव न घेताही ओळ मिटली. माणसानं माणसाला हाक मारली आणि माणसानं ओ दिली, तेवढ्यानं भागलं. मला फार आनंद झालाय, आप्पा. आता रोज थोडं थोडं बोलत जा. पुढच्या वेळी मी फोनच करतो.

तुमचा मल्हार

*

मासाळवस्ती, २२ ऑक्टोबर २०२४

मल्हार,

तू खुशीत हायेस. लिवावं का नगं ह्येच ठरत न्हवतं. फोन करीन म्हनालास, म्हनून लिवतो.

वस्ती पयल्यासारखी झाली. घंटा वाजती, कुकर शिट्ट्या मारतो, कुत्री भुकत्यात. भामानं पेढं वाटलं. मानसं भेटाया येत्यात, माज्या पाया पडत्यात.

मल्हार, ओ म्या दिली न्हाई.

मी तुज्या म्होरं बसलो हुतो, गळ्याच्या भोकावर तळवा दाबून. तू हाक मारलीस तवा माज्यातनं वाराबी निघाला न्हाई. ओ म्याबी ऐकली. तू हुबा हुतास आन मी बसलो हुतो, त्येच्या मदल्या रिकाम्या जागंतनं आली. माज्या आवाजात. मिठी मारलीस तवा मी मान हालवून न्हाई न्हाई म्हनत हुतो, तुला वाटलं म्हातारा रडतोय.

आता वादाचं. तू म्हनतोस तिथं कोन न्हाई. मग माज्या नावाला ओ कुनी दिली? आन देव म्हनावं, तर देवाला त्येचं सोताचं नाव हाय, त्यो दुसऱ्याच्या नावाला ओ कशापायी दील? मी लय इचार केला. मला वाटतंय, त्येला नावच न्हवतं. जे नाव आत टाकशील त्ये घेतंय. पयल्यांदाबी आसंच झालं आसंल. कुनीतरी भिऊन आपल्या मानसाला हाक मारली आसंल. येसू नावाचा कुनाचा तरी चुलता, न्हाईतर भाऊ. ओ आली आन त्येचा येसोबा झाला. त्या खऱ्या येसूचं फुडं काय झालं, त्ये गान्यात न्हाई.

भामा जेवाया हाक मारती. मी उठायच्या आदी मागच्या आंगाला ओ येती. तिला वाटतंय मला वाचा फुटली, पर हाकंपुरतीच. लय वर्सांनी ती आशी हासतीया. तिला म्या सांगितलं न्हाई, तूबी सांगू नगंस. काल मी फुडल्या खोलीत बसलो हुतो. ती हाक मारत ताट घिऊन मागल्या दारी गेली. वाईच येळानं परत आली तवा ताट रिकामं हुतं. मला बघून दचाकली, मग हासली आन म्हनाली, आवं, कवा आलासा आत? आज लय जेवलासा.

म्या सकाळधरनं घास खाल्ला न्हवता.

फोन करू नगंस. केलास तर भामा उचलंल, आन मला हाक मारंल. दिवाळीला ये. लांबनं आप्पा म्हनून वरडू नगंस, गुमान जवळ ये, आन आदी गळ्याकडं बघ. भोक दिसलं तरच पाया पड.

आप्पासो